औषध निघेपर्यंतच्या रात्री

पत्राचा गोषवारा

बडोद्याला दांडिया बाजारात राहणाऱ्या ५७ वर्षांच्या एका ताईंचं हे पत्र आहे. त्यांच्या सासूबाई ८१ वर्षांच्या. मराठी शाळेत उभी हयात शिकवण्यात गेली. चार वर्षांपासून अल्झायमर आहे, डॉक्टरांनी मधली अवस्था सांगितली आहे. दिवसा एक गुजराती बेन येतात, रात्र ताईंकडे. सासूबाई रात्रीतून तीन-चारदा उठतात, दाराच्या कड्या वाजवतात, ‘मला घरी सोड’ म्हणतात. सासरे जाऊन नऊ वर्षं झाली, तरी दिवेलागण झाली की त्यांची वाट बघणं सुरू होतं. पन्नास वर्षं बाजारात फर्डं गुजराती बोलणाऱ्या या बाईंचं गुजराती गेल्या वर्षभरात पार पुसलं गेलंय. त्यांना आता मराठीच कळतं आणि बेनना मराठी कळत नाही. सासूबाई ‘शू’ म्हणाल्या की बेनना वाटतं त्या ‘काय?’ विचारताहेत. तोवर व्हायचं ते होऊन जातं.

मुलगा बेंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याचं म्हणणं, ‘आई, चार-पाच वर्षं कशीबशी काढ, एआय यावर औषध काढणारच.’ यजमानांनी हे वाक्य घट्ट धरलंय. ते ६१ वर्षांचे, निवृत्त, मधुमेह आहे, आणि टीव्ही एवढ्या मोठ्याने लावतात की सासूबाई दचकतात. रात्रीची बाई ठेवूया म्हटलं की ‘आता थोडेच दिवस’, कागदपत्रांचं काढलं की ‘आई बरी झाली की स्वतःच बघेल’. नातेवाइकांना अजूनही ‘जरा विसरते’ एवढंच सांगितलेलं आहे. मुलाने दोन गोष्टी सुचवल्या आहेत. बेनसाठी फोनवर भाषांतराचं ॲप घ्यायचं. आणि आजोबांच्या जुन्या कॅसेटवरून एआयने त्यांचा आवाज तयार करून संध्याकाळी तो आजीशी बोलता ठेवायचा.

ताई विचारतात, औषध खरंच येणार आहे का? किती थांबायचं? आवाजाचं करू की नको? आणि पत्राच्या तळाशी, वेगळ्या शाईने: ‘कधी कधी वाटतं, हे एकदाचं संपावं. मी आशा सोडली तर वाईट सून ठरते का?’

उत्तर

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. नाही, तुम्ही वाईट सून ठरत नाही. चार वर्षं अर्धवट झोपेवर काढली की कुणाच्याही मनात ‘संपावं’ हा शब्द येतो, आणि त्यात सगळ्यात जास्त स्वतःचा थकवा बोलत असतो. तो विचार येऊनही तुम्ही पहाटे तीनला उठता, त्यांचं ओलं लुगडं बदलता, पुन्हा पांघरूण घालता. मला तेवढं पुरेसं आहे. फक्त एक जपा. ‘हे संपावं’चं ‘मीच संपावं’ व्हायला लागलं, किंवा चिडून त्यांच्यावर हात उगारला जाईल अशी भीती वाटली, तर त्याच दिवशी १४४१६ फिरवा. टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारची मोफत सेवा आहे, चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं आणि गुजरातीतही.

आता औषधाचं. तुमचा मुलगा थापा मारत नाहीये, हे आधी सांगितलं पाहिजे. त्याच्या आशेला आधार आहे. आपल्या शरीरातली बहुतेक कामं प्रथिनं करतात, आणि कुठलं प्रथिन कसं दुमडलंय यावर ते काय करणार हे ठरतं. एकेका प्रथिनाची घडी शोधायला प्रयोगशाळेत वर्षंच्या वर्षं जात. २०२० मध्ये अल्फाफोल्ड नावाच्या एआयने हे काम इतकं अचूक करून दाखवलं की त्या विषयातली माणसं थक्क झाली. दोन वर्षांत २० कोटींहून जास्त प्रथिनांच्या रचनांचे अंदाज जगातल्या कुणालाही फुकट बघता येऊ लागले. त्यामागच्या डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना, प्रथिनं नव्याने रचणाऱ्या डेव्हिड बेकर यांच्याबरोबर, २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. याच हसाबिस यांनी २०२५ मध्ये एका अमेरिकी टीव्ही मुलाखतीत, येत्या दहा-एक वर्षांत सगळे आजार संपवता येतील कदाचित, असं म्हटलं. तुमच्या मुलाने ते ऐकलं असणार. एवढा मोठा शास्त्रज्ञ एवढं मोठं बोलला, तर आजीचा नातू ते उराशी धरणारच.

आणि नुसतं बोलणंच आहे असंही नाही. फुफ्फुसं कडक होत जाणाऱ्या एका आजारावर औषधाने शरीरात नेमकं कुठे काम करायचं ते लक्ष्य एआयच्या मदतीने शोधून, एआयच्या मदतीनेच रचलेलं एक औषध माणसांपर्यंत पोचलंय. ७१ रुग्णांवर १२ आठवडे ते तपासलं गेलं, २०२५ मध्ये निकाल छापून आले, आणि ते आशा वाढवणारे होते. मला याचं खरोखर अप्रूप आहे.

पण त्या निकालांनंतरही मोठ्या चाचण्या बाकी राहतातच, आणि तुमच्या घराशी संबंधित अडचण इथेच आहे. औषधाचा रेणू शोधायचं काम संगणक झटपट करेल. तो रेणू माणसाच्या शरीरात काय करतो हे बघायला जो काळ लागतो, तो संगणकाच्या हातात नाही. अल्झायमर सावकाश चालणारा आजार आहे, त्यामुळे औषधाने तो मंदावला की नाही एवढं कळायलाच दीड-दोन वर्षं रुग्णांकडे बघत थांबावं लागतं. लेकानेमॅब या औषधाचं उदाहरण घ्या. सुमारे १,८०० लोकांवर १८ महिने चाचणी झाली. औषध घेणाऱ्यांची घसरण न घेणाऱ्यांपेक्षा २७ टक्के मंद निघाली. अमेरिकेत २०२३ मध्ये त्याला पूर्ण मान्यता मिळाली. लक्षात घ्या, घसरण मंदावली, थांबली नाही. शिवाय ते फक्त अगदी सुरुवातीच्या अवस्थेतल्या लोकांसाठी आहे आणि काहींच्या मेंदूला सूज येते, रक्तस्राव होतो, म्हणून पुन्हा पुन्हा एमआरआय काढत राहावं लागतं. मधल्या अवस्थेतल्या तुमच्या सासूबाईंसाठी ते नाही.

याच्याहून अवघड गोष्ट पुढे आहे. विसराळूपणा दिसायला लागतो त्याच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून मेंदूत अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर साचत असतात, नंतर पेशींच्या आत टाऊ नावाच्या प्रथिनाचा गुंता होतो, पेशी मरत जातात. ज्या पेशी गेल्या त्या परत आणायची वाट आज कुणाला सापडलेली नाही. म्हणून उद्या चांगलं औषध निघालं तरी त्याचा खरा फायदा ज्यांचा आजार अजून दिसलेला नाही त्यांना व्हायची शक्यता जास्त. तुमच्या मुलाच्या पिढीला, फार तर तुम्हाला. सासूबाईंना चार-पाच वर्षांत पुन्हा पहिल्यासारखं करणारं औषध येईल असं धरून घरातला एकही निर्णय लांबवू नका. समजा आलंच, तर तुम्ही घेतलेल्या निर्णयांनी त्याच्या आड काही येणार नाही.

हे लिहून झाल्यावर मी तुमचं पत्र पुन्हा वाचलं. चार पानांत ‘आजार बरा व्हावा’ हे एकदाच आलंय. बाकी सगळीकडे झोप आहे, कड्या आहेत, ओली गादी आहे, न झालेले कागद आहेत आणि विषय काढला की टीव्हीचा आवाज वाढवणारे यजमान आहेत. एआयने काय सोडवावं असं वाटतं, हे वाचक मला हल्ली बरेचदा लिहितात. कुणाला कॅन्सर जावासा वाटतो, कुणाला आईवडिलांचं म्हातारपण सुसह्य व्हावंसं वाटतं, कुणाला एकटेपणा. या सगळ्याची मी मनात दोन भागांत वाटणी करते. ज्याचं उत्तर आज कुणालाच माहीत नाही, ते खुशाल एआयवर आणि संशोधकांवर सोपवावं. रात्री कोण उठणार, याचं उत्तर तुमच्या घरात तिघांनाही माहीत आहे. फक्त कुणी ते मोठ्याने बोलत नाही.

यजमानांबद्दल मला राग नाही. त्यांची आई त्यांच्या डोळ्यांसमोर थोडी थोडी जाते आहे. रात्रीची बाई घरात आली की त्यांच्या दृष्टीने आई ‘तशी’ पेशंट झाली, कागद केले की ती परत येणार नाही हे कबूल केलं, असं त्यांना वाटत असावं. त्यांच्याशी ‘औषध येणार की नाही’ यावर वाद घालू नका, त्यात दोघांचीही दमछाक होईल. ज्याने ही आशा घरात आणली त्यालाच बोलू दे. मुलाला हे उत्तर वाचायला पाठवा आणि सांगा, बाबांना फोन करून एवढंच म्हण: ‘औषधाचं मी बोललो ते खरं आहे, पण ते आजीला मिळेलच असं मी म्हणालो नव्हतो, आणि तोवर आई आजारी पडून चालणार नाही.’ वडील तुमचं जे ऐकत नाहीत ते लेकाकडून ऐकतील. आणि मुलाने नुसतं बोलून भागणार नाही. ॲपवर आणि आवाजावर जो पैसा घालायला तो तयार आहे, तो त्याने रात्रीच्या बाईच्या पगारात घालावा. दर दोन-तीन महिन्यांनी आठवडाभर बडोद्याला येऊन घरून काम करावं आणि त्या रात्री त्याच्या. सॉफ्टवेअरवाल्यांना हे जमतं.

नातेवाइकांपासून लपवणंही थांबवा. २०२३ मधल्या एका अंदाजानुसार आपल्या देशात साठीच्या पुढच्या जवळजवळ ८८ लाख लोकांना डिमेन्शिया, म्हणजे अल्झायमरसारखा स्मृतिभ्रंश, आहे, म्हणजे शंभरात सातांहून जास्त. दांडिया बाजारात तुमचंच एक घर असेल, असं मला वाटत नाही. सांगितल्याशिवाय कुणी ‘दुपारी तासभर मी बसते’ म्हणणार नाही.

दिवेलागणीच्या वेळी अस्वस्थ होणं या आजारात फार दिसतं. दिवस मावळताना सावल्या लांबतात, डोळ्यांना कमी दिसतं, दिवसभराचा शीण असतो, आणि ओळखीचं घर परकं वाटायला लागतं. म्हणून अंधार पडायच्या चांगलं अर्धा-पाऊण तास आधी सगळे दिवे लावा, खिडक्यांचे पडदे ओढा. चहा दुपारीच संपवा, संध्याकाळी नको. त्या वेळेला हातांना काम द्या. वाल सोलायला द्या, धुतलेल्या रुमालांच्या घड्या घालायला द्या, आणि घड्या वाकड्या झाल्या तरी त्यांच्यासमोर सुधारू नका. ‘घरी सोड’ म्हणाल्या की ‘हेच घर आहे’ असं पटवायला जाऊ नका. त्यांच्या मनात कदाचित माहेरचं घर असेल. ‘तुमच्या घरी अंगणात काय होतं हो?’ असं विचारा. बोलता बोलता चार पावलं गॅलरीत फिरवून आणा. सकाळच्या उन्हात सयाजीबागेत अर्धा तास गेल्या तर रात्री झोप थोडी सुधारते, ते बेनना सांगता येईल.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. बरं चाललेलं असताना एक-दोन दिवसांत एकदम गोंधळ वाढला, झोप पार उडाली किंवा उलट गुंगी आली, तर ‘आजार वाढला’ म्हणून बसू नका. लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणं, नवीन सुरू केलेली एखादी गोळी, यातलं काहीही असू शकतं आणि यावर आजच उपाय आहेत. लगेच डॉक्टर. झोपेची गोळी स्वतःच्या मनाने किंवा फोनवरच्या चॅटबॉटला विचारून कधीच नाही. चॅटबॉट इतक्या ठामपणे बोलतो की चुकीचा डोसही बरोबर वाटतो.

भाषेचं मात्र माझ्या मनात घर करून राहिलंय. दोन-तीन भाषा येणाऱ्या माणसांत हे पुष्कळदा होतं. नंतर शिकलेली भाषा आधी मावळते आणि आईच्या तोंडून ऐकलेली मागे उरते. बडोद्यातल्या आपल्या कितीतरी मराठी घरांवर हे येणार आहे, कारण घराबाहेरचं सगळं आयुष्य गुजरातीत झालेलं असतं आणि काळजी घेणारी बाई गुजरातीच मिळते. मुलाचं ॲप इथे कामाचं आहे, पण तो म्हणतो त्या पद्धतीने नाही. पुटपुटलेला अर्धा शब्द, मध्येच तुटलेलं वाक्य, दात नसलेल्या तोंडातला उच्चार, यातून ॲपला बहुतेक वेळा काही कळणार नाही. शिवाय ज्या बाईला बाथरूमला जायचंय तिच्या तोंडासमोर फोन धरायला वेळ तरी कुठे असतो.

ॲप उलट्या दिशेने वापरा. दिवसात लागणारी पंचवीसेक मराठी वाक्यं काढा: पाणी हवं, शू लागली, पोट दुखतंय, थंडी वाजते, नको, बस झालं, हे कुठे गेले. ती गुजराती लिपीत लिहून, शेजारी गुजराती अर्थ, एवढं काम एआय मिनिटभरात करून देतो. सरकारचं भाषिणी नावाचं भाषांतराचं ॲप आहे, गूगलचं आहे, कुठलंही चालेल. तुम्ही एकदा नजर टाकून चुका काढा. मग तो कागद मोठ्या अक्षरात छापून बाथरूमच्या दाराशी आणि पलंगापाशी लावा. तुमच्या आवाजात ती वाक्यं बेनच्या फोनवर रेकॉर्ड करून द्या, म्हणजे त्या येता-जाता ऐकतील. आणि बेन सासूबाईंना ‘बा’ म्हणत असणार, बडोद्यात तेच म्हणतात. त्याऐवजी त्यांना ‘बाई’ म्हणायला सांगून बघा. चाळीस वर्षं वर्गातल्या पोरांनी ज्या नावाने हाक मारली त्या हाकेला मान वळायची शक्यता जास्त आहे. ‘बाई, चला’ हे दोन मराठी शब्द कुठलीही बेन पहिल्याच दिवशी शिकेल.

आता आजोबांचा आवाज. यावर मी बराच वेळ घालवला, कारण नातवाचा हेतू चांगला आहे आणि चटकन ‘छे छे’ म्हणण्यासारखं हे नाही. खोटं बोलायचं का, हा मुद्दा मला इथे मोठा वाटत नाही. डिमेन्शियाच्या माणसाला ‘ते नऊ वर्षांपूर्वी गेले’ असं रोज सांगणं म्हणजे रोज नव्याने विधवा करणं आहे. तुम्हीही ‘येतील हं’ म्हणून वेळ मारून नेतच असाल, आणि ते बरोबर आहे. पण एआयचा आवाज बोलतो, उत्तर देतो. सासूबाई विचारणार, ‘कुठे आहात? कधी येता?’ आणि तो आवाज काहीतरी उत्तर देणार. मग त्या दाराशी जाऊन उभ्या राहतील, पलंगाखाली शोधतील, फोनमध्ये माणूस अडकलाय असंही त्यांना वाटू शकेल. आवाज बंद झाल्यावर जे रडणं होईल त्याला सामोरं जायला नातू नसेल, तुम्ही असाल. आणि त्याच घरात तुमचे यजमान आहेत. आपले गेलेले वडील रोज संध्याकाळी सातला बोलताहेत, हे त्यांनी कसं ऐकायचं? त्यांना कुणी विचारलं का?

शिवाय सासरे स्वतः यावर हो म्हणायला नाहीत. त्यांनी जे कधी उच्चारलं नाही ते त्यांच्या तोंडी घालायला माझं मन होत नाही. पण कॅसेटवर त्यांचा खरा आवाज आहे ना? त्यांनी म्हटलेलं स्तोत्र, सणाला केलेलं बोलणं, जे असेल ते. जुन्या कॅसेटची खरखर काढून आवाज स्वच्छ करायचं काम एआय फार सुरेख करतो. नातवाला ते करू दे. संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना मंद आवाजात लावा. पहिल्या दिवशी तुम्ही शेजारी बसा. त्या शांत होताहेत की शोधायला उठताहेत ते दोन-तीन संध्याकाळी बघा. उठायला लागल्या तर बंद. आवाज तयार करून देणाऱ्या कुठल्या तरी अनोळखी ॲपवर घरातल्यांचे आवाज चढवू नका, हे मुलाला सांगायची गरज नसावी, तरी सांगा. नक्कल केलेल्या आवाजात ‘मी तुमचा नातू बोलतोय, पैसे पाठवा’ असे फोन म्हाताऱ्या माणसांना येतात. तसं काही झालं तर १९३० हा सायबर गुन्ह्यांचा नंबर.

कागदांचं थोडक्यात, पण यात उशीर करू नका. ‘आई बरी झाली की बघेल’ हे यजमानांचं गणित उलटं आहे. आपल्याकडे मुखत्यारपत्र देणाऱ्याचं भान शाबूत असेपर्यंतच चालतं. भान गेलं की कायद्याने तेही संपतं. सासूबाईंची समज आज सही करण्याइतकी आहे का, हे त्यांचे डॉक्टर तपासून लिहून देऊ शकतात. नसेल, तर त्यांच्या नावावरचं घर किंवा ठेवी हलवायची वेळ आल्यास पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागू शकतं, म्हणून वकिलाला आत्ताच एकदा भेटून या. सत्तरीपुढच्या ग्राहकांना घरपोच सेवा द्या, असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितलंय. शाखेत जाऊन ती मागा, त्यांना रिक्षात घालून नेऊ नका. ७० च्या पुढच्या सगळ्यांसाठी असलेलं आयुष्मान वयवंदना कार्ड काढून ठेवा. वर्षाला ५ लाखांपर्यंतचं ते कवच रुग्णालयात दाखल झाल्यावरचं आहे, घरच्या बाईचा पगार त्यातून मिळत नाही.

पेन्शनसाठी हयातीचा दाखला लागत असेल, तर तिथे एआय तुमच्या कामी आधीच आलेला आहे. म्हाताऱ्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, मशीनवर उठत नाहीत. २०२१ पासून फोनच्या कॅमेऱ्याने चेहरा ओळखून दाखला करता येतो. अडचण एवढीच की फोन पापण्या मिटून उघडायला सांगतो आणि सासूबाईंना ती सूचना कळणार नाही. सकाळी, त्यांचा मूड बरा असताना, खिडकीकडे तोंड करून बसवा. फोन बेनच्या हातात द्या आणि तुम्ही फोनच्या मागे उभं राहून स्वतः सावकाश डोळे मिटून उघडा. समोरच्याचं बघून तसं करणं शब्द कळेनासे झाल्यावरही बराच काळ टिकतं. पहिल्यांदा जमलं नाही तर चहा प्या आणि पुन्हा बघा.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. यजमानांचा टीव्ही. ६१ व्या वर्षी, मधुमेह असताना, एवढा मोठा आवाज लागतो म्हणजे त्यांचे कान तपासायला हवेत. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाचे टाळता येण्याजोगे १४ धोके मांडले. कमी ऐकू येणं, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, कमी दिसत असून उपचार न करणं, एकटं पडणं, बैठं राहणं ही त्यातली काही. या सगळ्यांकडे आयुष्यभर लक्ष दिलं तर जगातला ४५ टक्क्यांपर्यंत डिमेन्शिया टळू शकेल किंवा लांबू शकेल, असं त्यांचं म्हणणं आहे. एआय जे औषध शोधेल त्याची वाट बघताना हे सगळं हाताशी आहे, आणि बहुतेक गोष्टी सयाजी हॉस्पिटलच्या ओपीडीतही होतात. यजमानांना ‘तुमच्या आईसाठी’ म्हणून काही पटत नसेल, तर ‘आपल्या दोघांसाठी’ म्हणून घेऊन जा. तुमचंही बीपी त्याच दिवशी बघून घ्या. चार वर्षांच्या रात्रींनी ते वर गेलेलं असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही.

रात्रीची बाई कुठून मिळेल, दिवसभर ठेवून घेणारं केंद्र जवळपास आहे का, हे विचारायला १४५६७ वर फोन करा. ज्येष्ठांसाठीची ही मोफत एल्डरलाइन आहे, सकाळी ८ ते रात्री ८. आठवड्यातून तीन रात्रींपासून सुरुवात केली तरी चालेल. बाई आल्यावर पहिल्या दोन रात्री तिच्याबरोबर थांबून कड्या, दिवे, पलंगाजवळचा कागद दाखवा. तिसऱ्या रात्री दुसऱ्या खोलीत जा, दार लावा आणि झोपा. सासूबाई उठल्या, हाका मारल्या, बाईला काही सुचेना झालं, तरी तुम्ही उठू नका. त्या रात्री यजमान उठतील, हे त्यांना दुपारीच सांगून ठेवा.